गाडी बदलायला घाबरू नका

स्वित्झर्लंडच्या सहलीची चर्चा घरात सुरू झाली की एक प्रश्न हमखास येतो : "गाड्या किती बदलाव्या लागतील?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मोठाल्या बॅगा असतात, आईचे दुखरे गुडघे असतात, अनोळखी भाषेतल्या घोषणा असतात. मग थेट जाणारी गाडी शोधली जाते, नाहीतर भाड्याची मोटार, नाहीतर सगळीकडे बसनेच हिंडवणारी सहल. काळजी रास्त आहे. फक्त या एका देशात तिला फारसा आधार नाही, कारण इथली सार्वजनिक वाहतूक मुळातच गाडी बदलणाऱ्या प्रवाशासाठी आखलेली आहे. ही आखणी कशी झाली ते एकदा कळलं, की आगगाडी, बस, बोट आणि मोटार यांपैकी केव्हा काय घ्यावं हे ठरवणं पुष्कळ सोपं जातं. म्हणून पास आणि तिकिटांकडे वळण्याआधी वेळापत्रकाकडे पाहू.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला स्विस रेल्वेतल्या काही तरुण अधिकाऱ्यांनी एक कल्पना मांडली. प्रत्येक मार्गावर दर तासाला गाडी सुटावी, आणि ती रोज, दिवसभर, त्याच मिनिटाला सुटावी. ८ वाजून २ मिनिटांनी गाडी असेल, तर ९ वाजून २ मिनिटांनी, १० वाजून २ मिनिटांनीही असावी. प्रवाशाला एक मिनिट लक्षात राहिलं की वेळापत्रक पाठ झालं. मे १९८२ मध्ये हे देशभर लागू झालं. पुढची पायरी अधिक धाडसाची होती. ‘रेल्वे २०००’ नावाची योजना तयार झाली आणि डिसेंबर १९८७ मध्ये तिच्यावर सार्वमत घेण्यात आलं. लोकांनी ती मंजूर केली.

या योजनेचा गाभा असा. झुरिच, बर्न, बाझल यांसारख्या मोठ्या जंक्शनांवर सगळ्या दिशांच्या गाड्या पूर्ण तासाच्या किंवा अर्ध्या तासाच्या थोडं आधी येऊन पोहोचाव्यात, काही मिनिटं एकत्र उभ्या राहाव्यात आणि तास उलटला की आपापल्या वाटेने निघाव्यात. मधल्या मिनिटांत प्रवासी एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर जातात. हे जमायचं तर एक अट आहे. दोन जंक्शनांमधला प्रवास अर्ध्या किंवा एका तासाहून किंचित कमी वेळात व्हायला हवा. झुरिच ते बर्न हा प्रवास पूर्वी तासाहून जास्त वेळ घेई, म्हणून साखळी तुटत असे. त्यासाठी माटश्टेटेन ते रोट्रिस्ट असा सुमारे ४५ किलोमीटरचा नवा मार्ग बांधण्यात आला. त्यावर गाड्या ताशी २०० किलोमीटर वेगाने धावतात. डिसेंबर २००४ मध्ये तो सुरू झाला आणि झुरिच–बर्न अंतर ५६ मिनिटांवर आलं. शेजारच्या फ्रान्समध्ये तेव्हा ताशी ३०० किलोमीटरने गाड्या पळत होत्या. स्विस अभियंत्यांनी त्या वेगाचा मोह धरला नाही. ५६ ऐवजी ४० मिनिटांत पोहोचून प्रवाशाला पुढच्या गाडीसाठी फलाटावर थांबावंच लागणार असेल, तर त्या वेगावर ओतलेला पैसा वाया गेला, असा त्यांचा हिशेब होता. मला ही विचाराची पद्धत फार मोलाची वाटते. गाडी किती जोरात धावते यापेक्षा माणूस दारापासून दारापर्यंत किती वेळात पोहोचतो, हे इथे मोजलं गेलं.

बस आणि बोटीही याच साखळीत ओवलेल्या आहेत. लहान स्टेशनावर उतरलात की बाहेर पिवळी पोस्टबस उभी दिसते. ती त्याच गाडीच्या प्रवाशांसाठी आलेली असते.

आता याचा आपल्याला उपयोग काय? पहिली गोष्ट, गाडी बदलायला दिलेली सहा-सात मिनिटं पाहून दचकू नये. ती विचारपूर्वक दिलेली असतात. स्विस रेल्वेच्या मोबाइल ॲपमध्ये पोहोचण्याचा आणि पुढचा, असे दोन्ही फलाट आधीच दिसतात. फलाटाचे ए, बी, सी, डी असे भाग पाडलेले असतात आणि तुमच्या वर्गाचा डबा कोणत्या भागासमोर येईल तेही कळतं. दुसरी गोष्ट, गाडी चुकलीच तर बहुतेक मार्गांवर अर्ध्या किंवा एका तासात पुढची असते. साधं तिकीट किंवा पास एखाद्या ठरावीक गाडीशी बांधलेला नसतो, त्यामुळे नवं तिकीट काढावं लागत नाही. याला अपवाद आहे तो सवलतीतल्या ‘सुपरसेव्हर’ तिकिटांचा. ती त्याच गाडीपुरती चालतात. ज्येष्ठ माणसं किंवा लहान मुलं सोबत असतील तर थोडी स्वस्त मिळतात म्हणून ही तिकिटं घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. स्वित्झर्लंडमध्ये आगगाडीने फिरण्याचं खरं सुख म्हणजे तळ्याकाठी अजून अर्धा तास बसावंसं वाटलं तर बसता येणं. चार पैसे वाचवण्यासाठी ते सोडून देण्यात हशील नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. काही गाड्या वाटेत दुभंगतात. इंटरलाकेन ओस्टहून निघणारी डोंगरी गाडी त्स्वाइल्युचिनेन इथे दोन तुकड्यांत विभागली जाते. एक तुकडा लाउटरब्रुनेनला जातो, दुसरा ग्रिंडेलवाल्डला. चढताना डब्यावरची पाटी वाचली नाही तर अर्धं कुटुंब एका दरीत आणि अर्धं दुसऱ्या दरीत, असं सहज होऊ शकतं. कुटुंब मोठं असेल तर सगळ्यांनी एकाच दारातून चढावं.

गाडी बदलण्याची भीती खरं तर बॅगांची असते, आणि तिच्यावर उपाय मुक्कामाच्या आखणीत आहे. आपल्याकडच्या बऱ्याच आखण्यांमध्ये रोज नवं गाव आणि रोज नवं हॉटेल असतं. एवढ्या छोट्या देशात त्याची गरज नाही. आठ दिवसांसाठी दोन मुक्काम पुरतात, फार तर तीन. सामान हॉटेलात ठेवायचं आणि एक पिशवी घेऊन रोज सकाळी निघायचं. मग गाडी तीनदा बदलली काय आणि चारदा बदलली काय, त्रास होत नाही.

मुक्कामाचं गाव निवडताना त्याच्या नावापेक्षा तिथून किती दिशांना वाटा फुटतात ते पाहावं. ल्युसर्न या बाबतीत अव्वल. स्टेशनच्या दारातून बाहेर पडलं की समोर बोटींचा धक्का आहे. झुरिच पाऊण तासावर, बर्न तासाभरावर, टिटलिसच्या पायथ्याचं एंगेलबर्गही पाऊण तासाच्या आत. रिगी, पिलाटस आणि श्टान्सरहॉर्न हे तिन्ही डोंगर अर्ध्या-पाऊण दिवसात करून परत येता येतं. दुसरा मुक्काम इंटरलाकेनच्या परिसरात असावा. गर्दी नको असेल तर जवळच, थुन तळ्याच्या काठी असलेलं श्पीत्स पाहावं. ते गाव लहान आहे, पण मोठं जंक्शन आहे : बर्न, इंटरलाकेन आणि दक्षिणेकडचा व्हाले प्रांत, तिन्हीकडे गाड्या जातात. पूर्वेकडचे डोंगरी रेल्वेमार्ग पाहायचे असतील तर तिसरा मुक्काम कूर गावी करावा. फ्रेंच भाषक भाग आणि द्राक्षमळे यांची ओढ असेल तर माँत्रो किंवा लोझान.

झुरिच आणि जिनिव्हा या दोन्ही विमानतळांना लागूनच रेल्वे स्टेशन आहे. झुरिच विमानतळावरून शहराच्या मुख्य स्टेशनात गाडीने दहा-बारा मिनिटं लागतात. त्यामुळे पहिल्या रात्री झुरिचला राहण्याची सक्ती नाही. सकाळी विमान उतरलं तर दुपारच्या जेवणाला ल्युसर्नमध्ये पोहोचता येतं.

पासांबद्दल इतका गोंधळ आहे की त्यावर थोडं सविस्तर बोललं पाहिजे. परदेशी पाहुण्यांसाठी दोन मुख्य पर्याय आहेत. पहिला स्विस ट्रॅव्हल पास. तो सलग ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा मिळतो. त्या दिवसांत देशभरच्या गाड्या, पोस्टबस, शहरांतल्या ट्राम, तळ्यांवरच्या बोटी आणि शेकडो संग्रहालयं, सगळं त्यात येतं. रिगी, श्टान्सरहॉर्न आणि श्टोस या डोंगरांवर जाणंही त्यातच येतं. दुसरा पर्याय हाफ फेअर कार्ड. ते एक महिना चालतं. त्यात फुकट काहीच नाही, पण जवळजवळ सगळ्या तिकिटांवर निम्मी सूट मिळते.

अनेकांच्या नजरेतून सुटणारी बाब अशी, की ट्रॅव्हल पास घेतला म्हणजे सगळे डोंगर फुकट होत नाहीत. युंगफ्राऊयोखचं उदाहरण घ्या. ३,४५४ मीटर उंचीवरच्या या स्टेशनापर्यंत १९१२ पासून रेल्वे जाते. इंटरलाकेनहून जाऊन-येऊन पूर्ण तिकीट दोनशे फ्रँकच्या वर आहे. ट्रॅव्हल पास तुम्हाला ग्रिंडेलवाल्डपर्यंत किंवा वेंगेनपर्यंत नेतो, त्यापुढच्या टप्प्यावर २५ टक्के सूट देतो. हाफ फेअर कार्डवर मात्र पूर्ण वाटेवर निम्मी सूट आहे. म्हणून ज्यांचा बेत एका जागी राहून दोन-तीन महागडे डोंगर चढण्याचा आहे, त्यांना हाफ फेअर कार्ड बहुतेकदा स्वस्त पडतं. ज्यांना देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरायचं आहे, बोटींत बसायचं आहे आणि मनाला येईल तिथे उतरायचं आहे, त्यांनी ट्रॅव्हल पास घ्यावा. झुरिच ते बर्न एका बाजूचं पूर्ण तिकीट पन्नासएक फ्रँकचं असतं. एवढा एक आकडा लक्षात ठेवला तरी घरबसल्या कच्चा हिशेब मांडता येतो. बेत कागदावर लिहा, प्रत्येक टप्प्याचं पूर्ण भाडं ॲपवर पाहा, निम्मं करा, बेरीज करा आणि तिची पासाच्या किमतीशी तुलना करा. तासाभराचं काम आहे. चौघांच्या कुटुंबात त्यातून वाचणारी रक्कम लहान नसते.

मुलांसाठी स्विस फॅमिली कार्ड असतं आणि ते पासाबरोबर विनामूल्य मिळतं. आई किंवा वडील सोबत असतील तर ६ ते १५ वर्षांची मुलं त्यावर फुकट प्रवास करतात. त्याहून लहान मुलांना तिकीटच लागत नाही. याशिवाय बऱ्याच गावांत हॉटेलात उतरल्यावर पाहुण्यांसाठी एक कार्ड देतात. बाझलमध्ये त्या कार्डावर शहरातल्या ट्राम आणि बस फुकट. इटालियन भाषक तिचिनो प्रांतात तर पूर्ण प्रांतातल्या गाड्याही फुकट. हॉटेलच्या काउंटरवर हे कार्ड मागून घ्यावं आणि ते मिळेपर्यंत वेगळं तिकीट काढायची घाई करू नये.

स्टेशनांवर अडवणारी फाटकं नाहीत, कुणीही फलाटावर जाऊ शकतं. याचा अर्थ तपासणी नाही असा नाही. डब्यात तपासनीस येतात, विनातिकीट सापडल्यास दंड जबर असतो आणि परदेशी पाहुणा म्हणून कुणी सूट देत नाही. गाडीत चढण्याआधी तिकीट हातात, म्हणजे मोबाइलवर, असलं पाहिजे.

आता नामांकित गाड्यांकडे येऊ. ग्लेशियर एक्स्प्रेस झरमाटहून सेंट मॉरिट्झला जाते. अंतर २९१ किलोमीटर, वेळ सुमारे आठ तास, वाटेत ९१ बोगदे आणि २९१ पूल. मोठाल्या काचांचे डबे आणि जागेवर जेवण. नाव ज्या हिमनदीवरून पडलं ती ऱ्होन हिमनदी मात्र आता या गाडीतून दिसत नाही. पूर्वी गाडी फुर्का खिंडीवरून जात असे, आणि तीही फक्त उन्हाळ्यात. १९८२ मध्ये फुर्काखालून १५ किलोमीटरहून लांब बोगदा सुरू झाला, गाडी हिवाळ्यातही धावू लागली आणि हिमनदी तिच्या वाटेवरून सुटली. खिंडीवरचा जुना रेल्वेमार्ग रेल्वेप्रेमींनी पुन्हा उभा केला आहे, त्यावर उन्हाळ्यात वाफेच्या इंजिनाची गाडी धावते. बर्निना एक्स्प्रेस कूरहून इटलीतल्या तिरानोला जाते. हा मार्ग २,२५३ मीटरपर्यंत चढतो आणि ४२९ मीटरपर्यंत उतरतो. सात टक्के चढ असूनही त्याला दातेरी रूळ लागत नाहीत. बर्फाच्या कुशीतल्या तळ्यांपासून इटलीतल्या ताडांच्या झाडांपर्यंतचा हा उतार काही तासांत पार होतो. या गाडीच्या वाटेवरच्या आल्बुला आणि बर्निना या दोन्ही मार्गांना २००८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. या दोन गाड्यांपैकी एकच करायची असेल तर बर्निना करावी. आठ तास एका जागी बसणं मुलांना जड जातं, आणि ग्लेशियर एक्स्प्रेसच्या वाटेवरचा लांटवासर पूल, ६५ मीटर उंचीचा, वळणावर कड्याच्या पोटात शिरणारा, बर्निनाच्या वाटेवरही येतो.

या दोन्ही गाड्यांत पास असला तरी आसन राखून ठेवावं लागतं आणि त्याचे पैसे वेगळे. उन्हाळ्यात जागा लवकर भरतात. जागा मिळाली नाही म्हणून हळहळणारी माणसं पाहिली की मला राहवत नाही. त्याच रुळांवरून, त्याच पुलांवरून साध्या प्रवासी गाड्याही धावतात. कूर ते सेंट मॉरिट्झ दर तासाला गाडी आहे. तिथून तिरानोकडे जाणाऱ्या साध्या गाड्या दिवसभर असतात. त्यांना आरक्षण लागत नाही, पास चालतो आणि मधल्या कुठल्याही स्टेशनावर उतरता येतं. आल्प ग्र्युम नावाच्या स्टेशनावर उतरून समोरची हिमनदी पाहत चहा घ्यावा आणि पुढच्या गाडीने निघावं, हे एक्स्प्रेसमधल्या प्रवाशाच्या नशिबी नसतं. तिच्या मोठ्या काचा उघडत नाहीत, त्यामुळे छायाचित्रांत आपल्याच डब्याचं प्रतिबिंब उमटतं. बर्निना मार्गावरच्या साध्या गाड्यांच्या काही खिडक्या उघडतात. तिरानो इटलीत आहे, तेव्हा पासपोर्ट जवळ असू द्यावा.

गोटहार्डच्या वाटेवरही हाच विवेक हवा. ल्युसर्न किंवा झुरिचकडून दक्षिणेला लुगानोकडे जाताना ॲप तुम्हाला सगळ्यात जलद गाडी दाखवेल. ती गोटहार्ड पायथा बोगद्यातून जाते. ५७ किलोमीटर लांबीचा हा बोगदा २०१६ मध्ये सुरू झाला. जगातला सगळ्यात लांब रेल्वे बोगदा म्हणून त्याचं कौतुक आहेच, पण आत शिरल्यावर दिसतो तो वीस मिनिटांचा अंधार. वेळ हाताशी असेल तर जुन्या डोंगरी मार्गाची गाडी घ्यावी. १८८२ चा हा मार्ग उंची गाठण्यासाठी डोंगराच्या पोटात वळसे घेतो. वासेन गावाचं चर्च त्यामुळे खिडकीतून तीनदा दिसतं : आधी वर, मग समोर आणि शेवटी खाली. आर्थ-गोल्डाऊहून या मार्गाने साधी गाडी जाते. ॲपमध्ये मधलं ठिकाण म्हणून ग्योशेनेन टाकलं की ती सापडते.

बोटींना बहुतेक सहलींत तासाभराचा फेरफटका म्हणून घेतलं जातं. त्या इथे खरोखरीची वाहतूक आहेत. माझ्या दृष्टीने ल्युसर्नहून निघून ल्युसर्नला परतणारा सगळ्यात सुंदर दिवस असा : सकाळी बोटीने फिट्झनाऊ, तिथून दातेरी रुळांच्या गाडीने रिगीवर, दुपारी डोंगराच्या दुसऱ्या अंगाने आर्थ-गोल्डाऊला उतरायचं आणि मोठ्या गाडीने ल्युसर्न. सगळं ट्रॅव्हल पासात बसतं. रिगीची रेल्वे १८७१ ची आहे. युरोपातली डोंगरावर चढणारी ही पहिली दातेरी रेल्वे, निकलाउस रिगेनबाख या अभियंत्याची. दोन रुळांच्या मधोमध शिडीसारखी तिसरी पट्टी असते आणि इंजिनाखालचं दातेरी चाक त्या शिडीच्या पायऱ्यांत अडकून वर सरकतं. तळ्यावर अजूनही पाच जुन्या वल्हेचाकांच्या वाफबोटी चालतात. ‘उरी’ ही त्यांतली सगळ्यात जुनी, १९०१ ची. बोटीच्या मध्यभागी उभं राहिलं तर तिचं यंत्र उघडं चाललेलं दिसतं. कोणत्या फेरीला वाफबोट आहे हे वेळापत्रकात खुणेने दाखवलेलं असतं. मुलं सोबत असतील तर तीच फेरी निवडावी.

मोटार कधी घ्यावी? हट्टाने नकार देण्यासारखं हे साधन नाही. पाच-सहा जणांचं कुटुंब एमेंटालच्या डोंगराळ गावात शेतघरात आठवडाभर राहणार असेल, किंवा सोबतच्या कुणाला चालणं अवघड असेल, तर मोटार सोयीची. खिंडींचे रस्ते हा मोटारीचा खरा आनंद. फुर्का, ग्रिमझेल आणि सुस्टेन या तिन्ही खिंडी एका दिवसाच्या फेरीत होतात. पण त्या बर्फामुळे साधारण जून ते ऑक्टोबर एवढ्याच काळात खुल्या असतात. शाळांच्या सुट्टीत, मेमध्ये, निघणाऱ्या मराठी कुटुंबांना त्या बहुधा बंदच सापडतात. नकाशावर रस्ता दिसतो म्हणून गाडी आरक्षित करू नये.

खर्चाच्या बाजूला भाडं आणि इंधन यांशिवाय महामार्गासाठी ४० फ्रँकची वार्षिक पट्टी असते. भाड्याच्या गाडीवर ती बहुधा लावलेली असते. शहरातलं पार्किंग दुर्मीळ आणि महाग. वाहनं उजव्या बाजूने चालतात. वेगमर्यादा महामार्गावर १२०, गावाबाहेर ८० आणि गावात ५०, आणि त्या काटेकोर पाळाव्या लागतात. काही डोंगरी रस्त्यांवर पोस्टाच्या तुतारीची पाटी दिसते. तिथे वळणावर समोरून पोस्टबस आली तर तिच्या चालकाच्या सूचना पाळणं बंधनकारक आहे. मागे घ्या म्हणाला तर गाडी मागे घ्यावी लागते. अरुंद वळणाआधी ही बस तीन सुरांचा भोंगा वाजवते. ते सूर रोसिनीच्या ‘विल्यम टेल’ या संगीतिकेतून घेतलेले आहेत. भोंगा ऐकू आला की वेग कमी करावा.

शिवाय ज्या गावांसाठी लोक स्वित्झर्लंडला जातात त्यांतल्या कित्येक गावांत मोटार पोहोचतच नाही. माथेरानला जाताना गाडी दस्तुरीला सोडावी लागते, तशी झरमाटसाठी ती पाच किलोमीटर अलीकडे टेशला सोडून रेल्वेने जावं लागतं. वेंगेन आणि म्युरेन या गावांनाही बाहेरच्या मोटारींची वाट नाही. भाडं भरून घेतलेली गाडी मग दोन-दोन दिवस वाहनतळावर उभी राहते आणि त्याचे पैसे वेगळे पडतात.

बसच्या सहलींबद्दलही थोडं बोललं पाहिजे, कारण मराठी माणसांनी युरोप पाहिला तो मुख्यतः त्यांच्यामुळे. घरचं जेवण, मराठी बोलणारा मार्गदर्शक, सामानाची चिंता नाही. सत्तरी ओलांडलेल्या आई-बाबांना यातून जो धीर मिळतो त्याचं मोल मी कमी लेखणार नाही. फक्त अशा सहलींच्या मर्यादा माहीत असाव्यात. युरोपात बसचालकाने साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटांची विश्रांती घेणं कायद्याने सक्तीचं आहे, आणि दिवसभरात एकूण किती तास चालवायचं यालाही मर्यादा आहे. सहलीचा दिवस या घड्याळाला बांधलेला असतो. दुसरं म्हणजे डोंगरावर जायचा दिवस आधीच ठरलेला असतो. त्या दिवशी ढग उतरले तर टिटलिसवर किंवा युंगफ्राऊयोखवर पांढऱ्या धुक्याखेरीज काही दिसत नाही. स्वतंत्र फिरणाऱ्याला सकाळी उठून शिखरावरच्या कॅमेऱ्याचं चालू दृश्य मोबाइलवर पाहता येतं. वर ऊन असेल तर डोंगर, नसेल तर बर्नचा जुना भाग किंवा एखादं संग्रहालय. म्हणूनच डोंगरांची तिकिटं भारतातून तारखेसह काढून ठेवू नयेत. ज्यांना सहलीची सोय हवी आणि मोकळीकही हवी, त्यांनी सहल संपल्यावर परतीचं विमान तीन-चार दिवस पुढे ठेवून ल्युसर्नला मुक्काम करावा. हा मधला मार्ग मी अनेकांना सुचवतो.

पायी चालणं हेही इथे वाहतुकीचंच साधन मानलेलं आहे. देशभर सुमारे ६५,००० किलोमीटरच्या पायवाटा आखलेल्या असून त्यांवर पिवळ्या पाट्या आहेत. पाटीवर अंतराऐवजी वेळ लिहिलेली असते : अमुक गाव १ तास २० मिनिटं. ती विश्रांती धरून नसते आणि स्विस चालीची असते, म्हणून आपण निम्मा वेळ वरती धरावा. डोंगरावर गाडीने जावं, एका स्टेशनापासून दुसऱ्या स्टेशनापर्यंत उतारावरून चालत यावं आणि तिथून गाडी धरावी. पास असल्यामुळे मधूनच चढायला अडचण नसते. वाट सोपी हवी असेल तर पाटीवर नुसता पिवळा रंग पाहावा. लाल-पांढरा पट्टा असेल तर ती डोंगरी वाट, तिला चांगले बूट लागतात.

दिवसाची आखणी करताना सकाळच्या गाडीपेक्षा संध्याकाळच्या शेवटच्या गाडीकडे जास्त लक्ष द्यावं. मोठ्या शहरांमधल्या गाड्या मध्यरात्रीपर्यंत असतात. दोरवाट आणि डोंगरी गाडी यांची शेवटची फेरी मात्र पुष्कळदा संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास असते, आणि खेड्याकडे जाणारी शेवटची पोस्टबसही लवकर सुटते. वर पोहोचल्याबरोबर आधी खाली जाणारी शेवटची फेरी किती वाजता आहे ते पाहावं. एप्रिलच्या उत्तरार्धात आणि नोव्हेंबरात बऱ्याच दोरवाटा देखभालीसाठी काही आठवडे बंद असतात, तेव्हा त्या महिन्यांतला बेत असेल तर तारखा तपासूनच विमानाची तिकिटं काढावीत. रविवारी दुकानं बंद असतात. मोठ्या स्टेशनांच्या आतली किराणा दुकानं तेवढी उघडी असतात. दूध, पाव, दही आणि फळं तिथे मिळतात, आणि ती गाडीत बसून खायला कुणाची हरकत नसते.